गाडी कुणाच्या वाट्याला?

वडिलांच्या तेराव्याची जेवणं उरकली आणि परळच्या आमच्या खोलीत नात्यातली वडीलधारी मंडळी बसली. खोलीचा विषय निघाला तसा आईने पदर सावरून सांगितले की आत्ता नको. तेव्हा थोरल्या काकांनी दुसरा विषय काढला. "खोलीचं पुढे बघू. पण चाळीच्या मागे ती जीप उभी आहे, ती आपल्या पोराला देऊन टाका वहिनी. घरात तीन बायका. गाडीचं काय लोणचं घालणार?"

सगळे हसले. माझी बहीणही हसली. खरे सांगायचे तर क्षणभर मीही हसले. एम.एस.डब्ल्यू. होऊन दहा-बारा वर्षे मी वस्त्यांमध्ये बायकांना वारसाहक्काबद्दल सांगत हिंडते. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६चा. वडिलांनी स्वतः कमावलेल्या मिळकतीत, मृत्युपत्र नसेल तर, विधवेचा, मुलाचा आणि मुलीचा हिस्सा सारखा, हे मी पाठ म्हणावे तसे म्हणते. आमच्या घरात आई, मी आणि बहीण अशा तिघी वारस असताना पुतण्याचा कायद्याने कवडीचाही हक्क नव्हता. तरी मला हसू आले. कारण मिळकत म्हणजे घर, जमीन, सोने एवढेच माझ्याही डोक्यात होते. गाडी, हत्यारे, यंत्र ही पुरुषांची वस्तू, ती पुरुषाकडून पुरुषाकडे जाणारच, हे मी न शिकता शिकले होते.

गाडीसोबत हत्यारांची पेटीही जाणार होती. वडिलांची पान्यांची पेटी. पुतण्या दुसऱ्या रविवारी टेम्पो घेऊन येणार असे ठरलेसुद्धा. आईला कुणी विचारले नाही. आईच म्हणाली, "गाडी राहू दे इथेच. पोरी बघतील."

पोरी बघतील म्हणजे काय, ते आईलाही ठाऊक नव्हते आणि आम्हालाही. पुढच्या दीड वर्षात आम्ही ती जीप घरच्या घरी उभी केली, गंज काढला, रंगवली आणि चालवली. मैत्रिणींनो, हा लेख त्या कौतुकासाठी लिहिलेला नाही. त्या दीड वर्षात जे दिसले, त्यावरून मला भांडायचे आहे. भांडण नातेवाइकांशी आहे, तसेच आपल्या चळवळीशीही आहे.

आधी गाडीची ओळख. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. युद्ध संपल्यावर तीच विलिस जीप सुट्या भागांत आपल्याकडे येऊ लागली आणि महिंद्रांनी ती आमच्या परळपासून हाकेच्या अंतरावरच्या माझगावात जोडायला सुरुवात केली. पुढे ती इथेच बनू लागली. आमची गाडी त्यातली सीजे-३बी. २.२ लिटरचे पेट्रोल इंजिन उंच, म्हणून बॉनेटही उंच. पुढची काच आडवी पाडता येते. चारही चाकांना ताकद देणारा वेगळा दांडा गिअरशेजारी. चिखल, डोंगर, ओढा, काही म्हणून अडत नाही. वडील गिरणीत फिटर होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि गिरणगावातल्या हजारो घरांप्रमाणे आमच्या घरातला पगारही कायमचा गेला. नंतर त्यांनी गॅरेजात काम केले आणि लिलावातून ही मोडकी जीप घेतली. रविवारी ते तिच्याखाली असायचे.

युद्धकाळात अमेरिकेतल्या कारखान्यांत लाखो बायका कामाला घेतल्या गेल्या. लेथ, वेल्डिंग, जोडणी सगळे त्यांनी केले. ब्रिटनमध्ये तर १९४५ साली राजकन्या एलिझाबेथही लष्कराच्या स्त्री-दलात ट्रक दुरुस्त करायला शिकली. युद्ध संपले, पुरुष परतले आणि बायकांना सांगण्यात आले की आता घरी जा, हे काम तुमच्या नाजूक हातांचे नाही. चार वर्षे ते हात नाजूक नव्हते. गरज संपल्याबरोबर झाले.

आता आमच्या हातांबद्दल. पहिल्याच रविवारी डाव्या बाजूचे पुढचे चाक काढायला घेतले. नट हलेना. डिझेल सोडून रात्रभर ठेवले, हातोडीने ठोकले, पान्याच्या मागे नळीचा तुकडा घालून दोघी बहिणी त्यावर उभ्या राहिलो. नट ढिम्म. चाळीतले चार पुरुष गॅलरीतून बघत होते. एक खाली आला, "बाजूला व्हा, बायकांच्या हातात जोर कुठला," म्हणून त्याने पाना धरला. त्यालाही हलेना. दुसऱ्याला हलेना. तिसऱ्याने सांगितले की नट गंजलेत, गॅसने कापा.

त्या रात्री पेटीच्या झाकणाआतला कागद वाचला. वडिलांच्या अक्षरात लिहिले होते, "डावी बाजू उलटे आटे." जुन्या विलिस घडणीच्या जीपमध्ये डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. चाक फिरताना नट सैल होऊ नयेत म्हणून ती युक्ती. म्हणजे दिवसभर आम्ही सगळे मिळून नट सोडवत नव्हतो, आवळत होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बहिणीने उलट्या बाजूने जोर दिला आणि नट कुरकुरत सुटला. बोल्टच्या टोकावर 'एल' अक्षर कोरलेले होते. पुसून बघायचे कुणालाच सुचले नव्हते.

पुरुषांनाही माहीत नव्हते, हे लक्षात घ्या. फरक एवढाच की नट हलला नाही तेव्हा त्यांच्या बाबतीत दोष नटाचा होता, आमच्या बाबतीत बाईपणाचा. यंत्राच्या कामात जोर थोडा लागतो आणि माहिती फार लागते. जोर कमी पडला तर लांब नळी मिळते, जॅक मिळतो, कप्पी मिळते. माहिती मात्र कुणी तरी द्यावी लागते. ती बापाकडून मुलाला मिळते, मेस्त्रीकडून पोऱ्याला मिळते. दहा वर्षांचा पोऱ्या गॅरेजात "नऊ-सोळाचा पाना दे" हे ऐकत मोठा होतो. (ही जीप इंचाच्या मापाची, तिला मिलिमीटरचे पाने लावले तर नटाच्या कडा झिजतात, हेही आम्हाला चार नट खराब केल्यावर कळले.) मी त्याच वयात वडिलांच्या शेजारी उभी असायचे, पण बॅटरी धरायला, चहा द्यायला आणि मळके फडके धुवायला. वडील माणूस म्हणून चांगले होते. मला शिकवावे असे त्यांच्या मनात आले नाही आणि शिकवा असे माझ्या मनात आले नाही.

हे निव्वळ घरापुरते नाही. १९४८च्या कारखाना कायद्याचे २२वे कलम काढून बघा. यंत्र चालू असताना त्याच्या चालकभागांची सफाई, तेलपाणी, जुळवणी स्त्रीला आणि अल्पवयीनाला करू देऊ नये, असे त्यात लिहिले होते. सत्तावीसाव्या कलमात कापूस पिंजणाऱ्या यंत्राजवळ स्त्रिया आणि मुले नकोत, अशीही तरतूद होती. हेतू संरक्षणाचा होता हे मी मान्य करते. चालत्या पट्ट्यात पदर अडकून माणूस जातो, हे गिरणगावाला कुणी शिकवायला नको. पण चालत्या पट्ट्यात पुरुषाचा हातही जातोच. धोका असेल तर पट्ट्याला जाळी लावा, यंत्र थांबवून तेल घाला आणि हा नियम सगळ्यांना लावा. आपल्याकडे पट्टा राहिला, बाई दूर झाली. ज्याला तेलपाणी करता येते तो फिटर होतो, त्याचा पगार वाढतो. जिला यंत्राला हात लावायची मनाई, ती वाइंडिंगमध्ये धागा गुंडाळत राहते आणि कपातीत आधी जाते. मुंबईच्या गिरण्यांतल्या बायका अशाच एकेक खात्यातून कमी होत गेल्या.

शिकलेल्यांचे तरी काय? १९७४ साली पुण्याच्या टेल्कोने इंजिनिअर हवेत अशी जाहिरात दिली आणि त्यात स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे छापले. सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला आणि त्यांना नोकरी मिळाली. १९८८ला शीला डावरे परभणीहून येऊन पुण्यात रिक्षा चालवू लागल्या. १९८९ला साताऱ्याच्या सुरेखा यादव मध्य रेल्वेत सहायक चालक झाल्या आणि २०२५ला निवृत्त झाल्या. ही नावे आपण ८ मार्चच्या प्रत्येक भाषणात घेतो, मीही घेते. पण 'पहिली बाई' हा शब्द इतकी वर्षे पुरवून वापरावा लागतो, याची लाज कुणाला वाटायची? त्या बाईला नक्कीच नको.

आता घरातल्या यंत्रांकडे या. कार्ब्युरेटर खोलला तेव्हा आई पाटावर बसून बघत होती. आतले बारीक जेट बघून म्हणाली, "हे तर स्टोव्हच्या निपलसारखं आहे." मी भोक साफ करायला तार घेतली तशी तिने हात धरला. "तार घालू नकोस. भोक मोठं झालं की ज्योत पिवळी होते, रॉकेल जास्त खातं. फुंकून काढ." अगदी बरोबर. जेटमध्ये तार घातली की भोक वाढते, गाडी पेट्रोल जास्त खाते आणि काळा धूर सोडते. चाळीस वर्षे स्टोव्हच्या पिना, वॉशर आणि पंप सांभाळलेल्या माझ्या आईला इंधन आणि हवा यांचे नाते तोंडपाठ होते. तिला कधी कुणी मेकॅनिक म्हटले नाही. शिलाई मशीनचे बघा. बाई तिला तेल घालते, पट्टा बदलते, शटल सोडवते, धाग्याचा ताण जुळवते. त्याला आपण 'घरकाम' म्हणतो. तीच मशीन दुरुस्त करायला पेटी घेऊन पुरुष येतो, त्याला 'कारागीर' म्हणतो आणि पैसे मोजतो.

आणि वेळ? वडिलांचे रविवार जीपखाली जायचे, तेव्हा पाणी कोण भरायचे? त्यांचा ऑइलचा शर्ट सोड्यात कोण उकळायचे? पुरुषाच्या छंदाला घरातल्या बायकांचे फुकट श्रम लागतात आणि ते कुठल्याही हिशेबात येत नाहीत. बाईचा छंद मात्र उपयोगी असावा लागतो. भरतकाम, लोणची, रांगोळी, घराला शोभा येईल असे काहीतरी. निव्वळ आवडते म्हणून एका बाईने रविवारी सहा तास एका लोखंडी सांगाड्याखाली पडून राहावे, हे कुणाला पटत नाही. मला शेजारणींनी विचारले, "विकणार आहेस का? धंदा करणार आहेस का?" नाही म्हटले की त्यांना कोडे पडायचे. इथे माझी स्वतःचीही कबुली द्यायला हवी. आमच्या रविवारी पाणी आईने भरले आणि चहाही तिनेच केला. म्हणजे आईच्या श्रमांवर मी माझ्या वडिलांसारखीच उभी राहिले. हे बहिणीने बोलून दाखवले, मग पाळ्या लावल्या. पाळ्या लावल्यावर काम दुप्पट लांबले. लांबू दे.

आता आपल्याकडे वळते. माझी नोकरी जिथे होती त्या संस्थेत मी बायकांसाठी यंत्रदुरुस्तीचा छोटा वर्ग सुरू करू या असे सुचवले. शिलाई मशीन, मिक्सर, स्कूटर. उत्तर आले, "बायकांची मागणी नाही. शिवण आणि ब्यूटी पार्लरला नावनोंदणी होते." मागणी नाही! ज्या गोष्टीला हात लावायची कधी परवानगी नव्हती, तिची मागणी फॉर्मवर लिहून कशी येईल? दारू बंद करा, मारहाण थांबवा, ही मागणीही बायका पहिल्या दिवशी करत नव्हत्या. आपण वस्त्यांत जाऊन बसलो, बोललो, तेव्हा ती आली. मग पान्याच्या बाबतीतच आपण बाजाराचा हवाला का देतो?

शिवण आणि स्वयंपाक मी कमी लेखत नाही. याच गिरणगावात खाणावळी चालवणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले, सावकाराच्या हातून सोडवून बँकेच्या दारात नेले. पोळीभाजीचे श्रम हे श्रम आहेत, त्यांना पत आहे, हे त्यांनी सिद्ध केले. पन्नास वर्षांपूर्वी ते मोठे पाऊल होते. आज आपण त्याच पावलावर उभे राहून त्याला प्रशिक्षण म्हणत असू तर काहीतरी चुकते आहे.

रंगाचे काम आम्ही पावसाळा संपल्यावर काढले. दमट हवेत रंग पांढुरका पडतो आणि प्राइमरखाली गंज पुन्हा धरतो. तळाचा पत्रा सडला होता, तेवढा वेल्डरकडून बदलून घेतला, कारण वेल्डिंग आम्हाला येत नाही. बाकी जुना रंग खरवडला, पॉलिश पेपर मारला, लांबी भरली, रेड ऑक्साइड दिला. हे काम घरी करणाऱ्या मैत्रिणींसाठी दोन गोष्टी सांगते. जुन्या रंगात शिसे असू शकते. कोरडा घासला तर धूळ पोटात जाते, गरोदर बाईला आणि लहान मुलांना त्याचा धोका सर्वांत जास्त. पाणी मारून घासा, मुलांना लांब ठेवा, घासायचे कपडे घरच्या कपड्यांत धुवू नका. घरगुती रंगातल्या शिशावर सरकारने २०१६ साली नियम केला, पण तो घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता. दुसरे, हार्डनर घालून फवारायच्या चकचकीत रंगात आयसोसायनेट असते. त्याने दमा जडतो. साधा रुमाल बांधून भागत नाही आणि चाळीच्या बोळात तर तो फवारूच नये. आम्ही साधा इनॅमल ब्रशने दिला, तीन हात. ब्रशचे फटकारे दिसतात. दिसू देत.

रंग कोणता यावर चाळीतल्या सर्व पुरुषांचे एकमत होते : मिलिटरी हिरवा. जीपला दुसरा रंग शोभतच नाही म्हणे. आम्ही नियम वाचला. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१वा नियम सांगतो की संरक्षण खात्याखेरीज कुणीही गाडीला ऑलिव्ह हिरवा रंग देऊ नये. इतकी वर्षे जीपवर बोलणाऱ्यांपैकी एकालाही हे ठाऊक नव्हते. आईने विटकरी रंग निवडला. नोंदणीपुस्तकात रंगाची दुरुस्तीही करून घेतली.

त्याच पुस्तकात मालकाचे नाव बदलायला एका सरकारी कार्यालयात गेलो. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाच्या नावे गाडी करायचा ३१ नंबरचा फॉर्म असतो. खिडकीतल्या माणसाने फॉर्म बघितला, आईकडे बघितले आणि विचारले, "भाऊ नाही का यांना? मुलगा? जावई?" मी म्हटले, "वारसांची नावे वर लिहिली आहेत." तो म्हणाला, "तसं नाही, चालवणार कोण?" फॉर्ममध्ये हा प्रश्न नाही. कुठल्याही पुरुषाला हा प्रश्न विचारत नाहीत. तीन खेपा घातल्या. आज नोंदणीपुस्तकावर आईचे नाव आहे.

मला लोक विचारतात, आपल्याच मैत्रिणी विचारतात, "एवढ्याने काय होणार? एका जीपने पुरुषप्रधान व्यवस्था हलते का?" नाही हलत. "धूर सोडणारी जुनी गाडी वाचवून पर्यावरणाचं काय भलं केलंस?" फारसे नाही. ती महिन्यातून दोनदा निघते, एवढेच बचावादाखल सांगते. "हे मध्यमवर्गीय चोचले नाहीत का?" गॅरेजात काम करणारा पोऱ्या मध्यमवर्गीय नसतो. त्याची बहीण मात्र त्याच्याहून कमी पैशात धुणीभांडी करते, कारण तिच्या हातात कुणी पाना दिला नाही. प्रश्न तिचा आहे.

म्हणून माझे म्हणणे तीन कलमांत मांडते. एक, वारसाहक्काच्या शिबिरात आपण घर-जमीन-सोने एवढ्यावर थांबू नये. गाडी, रिक्षा, पंप, लेथ, हत्यारांची पेटी, दुकानाचा परवाना हे सगळे यादीत घ्यावे. नवरा गेल्यावर त्याची रिक्षा दिराकडे जाते आणि बाई धुणीभांड्याला लागते, हे आपण रोज बघतो आणि त्याला घरगुती व्यवस्था म्हणतो. दोन, शिवणाचा प्रत्येक वर्ग मशीन खोलून पुन्हा जोडण्यापासून सुरू व्हावा आणि ते शिकवायला बाई नेमावी. तीन, आपल्या प्रत्येक केंद्रात एक पान्यांची पेटी असावी, आणि केंद्रातला पंखा बिघडला की कुणाचा भाऊ बोलावण्याआधी ती उघडावी.

परवा काका आले होते. गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ मारून बघितली आणि म्हणाले, "छान झाली. आता तरी पोराला द्या, चालवेल तरी कुणी." आई तेव्हा किल्ली शोधत होती. तिला भारतमातापर्यंत जाऊन भाजी आणायची होती. शिकाऊ परवाना तिने गेल्या महिन्यात काढला आहे. वय एकसष्ट. बहीण शेजारी बसली, मी मागे. काकांना म्हटले, चला, जागा आहे. ते म्हणाले, मी चालतच येतो.